वय ३८, डोक्यावर लोन आणि डोक्यात बीएड

"मॅडम, वय ३८. फार्मा कंपनीत आहे. एक मुलगी, घराचं लोन. लहानपणापासून शिक्षक व्हायचं होतं, झालं नाही. आता बीएड केलं तर फार उशीर झाला का?"

मी काउन्सेलर, त्यामुळे असा मेसेज मला दर उन्हाळ्यात येतो. माणूस वेगळा असतो, कधी कंपनीच्या जागी बँक असते, कधी कळंगुटचं हॉटेल, एकदा तर कसिनोच्या बोटीवर रात्रपाळी करणारी मुलगी होती, पण शेवटचं वाक्य तेच, उशीर झाला का. खरं तर याचं उत्तर एका ओळीत आहे, शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या नियमात बीएडला वरच्या वयाची अटच नाहीये. झालं. पण त्या एका ओळीसाठी कुणी म्हापशापर्यंत येऊन माझ्यासमोर तासभर बसत नाही ना.

आज ज्याचं सांगतेय त्याला विचारून सांगतेय, ओळखू येईल असं सगळं बदललंय. नाव नको म्हणून त्याला लॅबवाला म्हणू, तोही स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा. साखळीच्या बाजूचा, बीएस्सी केमिस्ट्री, वेर्ण्याच्या वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधं तपासायच्या लॅबमध्ये, १४ वर्षं. कंपनीची बस पकडायला पहाटे घराबाहेर, परत यायला अंधार, ऑडिट असलं की रविवारसुद्धा गेला. हातात ४६ हजार. बायको एका क्रेडिट सोसायटीत, तिला १९. मुलगी चौथीत, मराठी शाळेत. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळी नोकरी सत्तरीत झाली, आजही वाळपईच्या बाजारात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, मास्तर म्हणतात. हे वडिलांचं मी पहिल्या दिवशी नुसतं लिहून घेतलं, त्यात किती काय दडलंय ते कळायला मला पुढच्या दोन भेटी लागल्या.

(आमचं बोलणं अर्धं कोंकणीत अर्धं मराठीत झालं, गोव्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, घरात कोंकणी, वाचायला मराठी, ऑफिसात इंग्लिश. इथे सगळं मराठीत लिहितेय.)

पहिल्या भेटीला तो प्लॅन घेऊनच आला होता. फोनवर एक जाहिरात दाखवली, घरबसल्या बीएड, हजेरी नको, फक्त परीक्षेला या, एका वर्षात डिग्री. एजंट कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचं नाव सांगत होता आणि सीट अडवायला आधी पैसे मागत होता. लॅबवाल्याचा हिशोब असा की नोकरी चालू ठेवायची, डिग्री हातात आली की मग राजीनामा, घरी कुणाला काही कळायची पण गरज नाही.

मी त्याला म्हटलं, तुम्ही लॅबमध्ये टेस्ट न करताच बॅच पास केलेली चालेल का? हसला, पण फोन खिशात गेला नाही. मग नीट समजावून सांगितलं, आणि इथेही लिहिते कारण या जाहिराती मला दर आठवड्याला कुणी ना कुणी पाठवतंच.

बीएड २०१५ च्या बॅचपासून दोन वर्षांचं झालंय, त्याआधी एक वर्षाचं होतं म्हणून घरातली मोठी माणसं अजून "एका वर्षाचं तर आहे" म्हणतात. रेग्युलर कोर्सला ८० टक्के हजेरी लागते आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६, म्हणजे दुसऱ्या वर्षी जवळजवळ चार महिने तुम्ही रोज सकाळी एखाद्या शाळेत उभे. आठ तासांची नोकरी सांभाळून हे होत नाही, रात्रपाळी घेऊन दिवसा कॉलेज करतो म्हणणारे मला भेटलेत, पण रात्रपाळी करून सकाळी नववीच्या पोरांसमोर उभं राहून बघा एकदा. आणि डिस्टन्स म्हणाल तर इग्नूचं बीएड खरंच आहे, मान्यतेचं आहे, पण ते नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा शिक्षक प्रशिक्षणाचा एखादा मान्य कोर्स वर्गात बसून आधीच पूर्ण केलेल्यांसाठी. लॅबमधल्या केमिस्टसाठी ते दार नाही. राहिलं एक वर्षाचं बीएड. २०२० च्या शैक्षणिक धोरणात त्याचा उल्लेख आहे, पण तो चार वर्षांची पदवी किंवा मास्टर्स झालेल्यांसाठी, तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्याने त्याच्या आशेवर एजंटला पैसे द्यायचे नाहीत. कॉलेज मान्यतेचं आहे की नाही हे एनसीटीईच्या वेबसाईटवर राज्यानुसार दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे पणजीला आल्तिनोवर निर्मला इन्स्टिट्यूट आहे, फोंड्याला दादा वैद्य कॉलेज आहे, चालत जाऊन विचारता येतं, आणि तरी माणसं फोनवरच्या अनोळखी आवाजाला पैसे पाठवतात याचं मला दरवेळी नवल वाटतं.

तो जरा पडलाच. दोन वर्षं पगार नाही हे त्याने तोपर्यंत मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

मी विचारलं, मार्कशीट कुठंय? घरी. बीएस्सीला किती? "पंचावन्न-छप्पन असतील." असतील हा शब्द मला आता चालत नाही, कारण काही वर्षांपूर्वी एका बाईंनी नोकरी सोडून दिली आणि फॉर्म भरायच्या दिवशी कळलं की त्यांना पदवीला ४७ टक्के आहेत, आणि खुल्या गटाला पदवीला नाहीतर मास्टर्सला ५० लागतात. त्यांना पुढे एमए करून परत यावं लागलं. माझ्याकडे त्या दोनदा येऊन गेल्या होत्या आणि मी मार्क विचारलेच नव्हते, मी आपली त्यांच्या मनाबद्दल विचारत बसले. ती चूक माझी. लॅबवाल्याला ५६ निघाले, सुटलो.

मग कुठल्या वर्गाला शिकवायचं हा प्रश्न. तो म्हणाला, पहिली ते चौथी, बाबांसारखं. म्हटलं बीएड करून ते होणार नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की प्राथमिकसाठी बीएड ही पात्रता धरायची नाही, त्यासाठी डीएलएड हा प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा वेगळा. बीएडवाला सहावीपासून वर, आणि सहावी ते आठवीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षासुद्धा लागते. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमएस्सी हवं, ते त्याच्याकडे नाही. म्हणजे त्याची जागा हायस्कूल, सायन्स आणि मॅथ्स. आपल्याकडे पाचवीसुद्धा हायस्कुलातच बसते, पण टीईटीच्या हिशोबात ती प्राथमिकात धरतात, हा एक गोंधळ लोकांचा नेहमी होतो.

दुसऱ्या भेटीत मी कागद बाजूला ठेवले. विचारलं, शेवटचं कधी वाटलं की ही नोकरी नको? तो बराच वेळ गप्प. मग सांगितलं की मार्चमधल्या ऑडिटला एका रिपोर्टवर सही राहिली होती आणि २७ वर्षांच्या नव्या मॅनेजरने सगळ्या लॅबसमोर त्याला झापलं, वर म्हणाला १४ वर्षं करता काय तुम्ही इथे. त्या रात्री घरी येऊन त्याने पहिल्यांदा बीएड सर्च केलं. आणि हळूहळू बाकीचंही बाहेर आलं, की याआधी एकदा प्रमोशन हुकलं तेव्हा त्याने घराच्या मागे कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्याच्याही आधी मशरूमचं ट्रेनिंग घेतलं होतं, पिशव्या अजून माळ्यावर आहेत.

मी एक गोष्ट नेहमी विचारते, त्यालाही विचारली. डोळे मिटा. सोमवार आहे, चौथा तास, नववी ब, बाहेर पाऊस, अर्धी मुलं भिजून आलेली. तुम्ही वर्गात आहात. काय चाललंय सांगा.

त्याने सांगितलं, मुलं उभी राहतात, गुड मॉर्निंग सर म्हणतात, मग शिक्षक दिन, एक मुलगा पाया पडतो, पुढे बाजारात कुणीतरी मोठा झालेला मुलगा भेटतो आणि म्हणतो सर ओळखलंत का. फार मनापासून सांगत होता, डोळ्यांत पाणी होतं. मी वहीत लिहिलं, "सत्कार". त्या सगळ्या चित्रात त्याच्या हातात खडू एकदाही आला नव्हता.

तेव्हा मला मास्तर आठवले. याला वर्ग हवा होता की वडिलांना वाळपईच्या बाजारात मिळतो तो नमस्कार हवा होता? मी हे त्याला तसंच विचारलं नाही, असं तोंडावर विचारलं की माणूस परत येत नाही. मी फक्त म्हटलं की बीएडचा फॉर्म राहू दे, चार रविवार कुणालातरी शिकवा, फुकट, आणि मग या.

हे मी सगळ्यांनाच सांगते आणि अर्धी माणसं इथेच गळतात. गळतात म्हणजे वाईट असं नाही हां. फोंड्याच्या एका बँकेतल्या बाई होत्या, त्यांनी चार रविवार वाडीवरच्या मुलांचं गणित घेतलं आणि पाचव्या रविवारी मला फोन केला, मॅडम मला मुलं आवडत नाहीत, मला फक्त ती ब्रँच आवडत नाही. त्यांनी बदली मागून घेतली. आता मजेत आहेत, कधी भेटल्या की त्या रविवारांची गोष्ट काढून स्वतःच हसतात.

लॅबवाल्याने वाडीवरच्या देवळाच्या मंडपात दहावीच्या मुलांचा सायन्सचा क्लास काढला. पहिल्या रविवारी १४ मुलं. तिसऱ्या रविवारी ५, आणि त्यात एक त्याची पुतणी, तिला पळता येत नव्हतं. तो येऊन मला म्हणाला, आजकालच्या मुलांना अभ्यास नकोच आहे. मी विचारलं, तुम्ही शिकवलंत काय? अॅसिड-बेस. कसं? तर त्याने सांगितलं ते ऐकून मलाच झोप यायला लागली, बफर काय, पीएच मीटर कॅलिब्रेट कसा करतात काय, नव्या माणसाला एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, वाचून दाखवावी तसं. मुलांना किती प्रश्न विचारले? एकही नाही.

चौथ्या रविवारी त्याच्या नकळत मास्तर मंडपात मागे येऊन बसले. त्यांचा या बीएडला पहिल्यापासून विरोध होता. "मास्तरकी गेली रे आता," एवढंच म्हणायचे, त्यांच्या जुन्या शाळेत आता सात मुलं उरलीत. तर त्या दिवशी तास संपल्यावर घरी जाताना ते मुलाला एवढंच म्हणाले, "फळ्याकडे तोंड करून बोलतोस."

शाबासकी नाही, राग नाही, एवढंच. आणि हा माणूस, जो मॅनेजरच्या एका वाक्याने नोकरी सोडायला निघाला होता, तो हे मला सांगताना चक्क हसत होता. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाला, नाही, खरंच करतो मी तसं, मी मोबाईलवर शूट करून बघितलं. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की याच्याबाबतीत माझा 'सत्कार'वाला अंदाज अर्धाच बरोबर होता.

तो चारवर थांबला नाही. पाचव्या रविवारी बायकोने भरून दिलेलं कोकमाचं आगळ घेऊन गेला, एका ग्लासात लिंबू, एकात खायचा सोडा, आणि मुलांना म्हणाला, आधी सांगा, रंग काय होईल, पैज लावा. सोड्यात आगळाचा लाल रंग गेला आणि काळपट झाला तेव्हा एक मुलगा म्हणाला, सर मग सोलकढीत सोडा घातला तर? त्यावर अर्धा तास गेला. पीएच शेवटच्या दहा मिनिटांत आला. पुढच्या रविवारी ९ मुलं होती, हे मी आनंदाने लिहितेय कारण त्याने आकडा सांगायला मला कंपनीच्या बसमधून फोन केला होता.

चौथ्या भेटीला मी बायकोला घेऊन या म्हटलं. त्याला वाटलं ती पैशांवरून बोलेल. ती बॅगेतून वही काढून बसली, सोसायटीत काम करते, आकडे तोंडपाठ, पण म्हणाली, "मला पैशाची भीती नाही हो मॅडम, पैसे कमी झाले तर मी घर चालवीन. दोन वर्षांनी हा 'हे पण नको' म्हणाला तर? कोंबड्या मी विकल्या, याने नाही."

तो खाली मान घालून बसला. मी मध्ये पडले नाही. अशा वेळी काउन्सेलरने मध्ये पडून सगळं गोड करायला जायचं नसतं, मला हे शिकायला बरीच वर्षं लागली. शेवटी तोच म्हणाला, मशरूमचं मी कधी कुणाला फुकट करून दाखवलं नव्हतं, इथे अकरा रविवार झाले. ती म्हणाली, बरं, वर्षभर कर मग बघू.

आणि वही उघडली. मी तो हिशोब जवळजवळ तसाच देते कारण 'लोन आहे, कसं जमणार' हा प्रश्न सगळ्यांचाच असतो आणि बहुतेक लोक तो नुसता मनात फिरवतात, कागदावर मांडत नाहीत. त्यांचा टाळता न येणारा खर्च, लोनचा हप्ता धरून, महिन्याला ३४ हजार. बायकोचा पगार १९. म्हणजे महिन्याला १५ हजारांची खोट, २४ महिन्यांची ३ लाख ६० हजार. फी, साखळीहून येण्याजाण्याचं पेट्रोल, चार्टपेपर, झेरॉक्स मिळून त्यांनी ९० हजार धरले. बीएड झाल्या झाल्या दुसऱ्या दिवशी कुणी ऑर्डर देत नाही म्हणून मी आणखी सहा महिने धरायला लावले, ते ९० हजार. झाले ५ लाख ४० हजार. समोर काय, एफडी १ लाख ८० हजार. आणि ग्रॅच्युइटी, जी त्याच्या डोक्यातच नव्हती. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती मिळते, शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. त्याचा बेसिक १८ हजार, १४ वर्षांचे साधारण १ लाख ४५ हजार. दोन्ही मिळून सव्वातीन लाख, कमी पडतात २ लाख १५ हजार.

बायकोने अट घातली की पीएफला हात लावायचा नाही. मग उरला एकच उपाय, एक वर्ष थांबायचं आणि महिन्याला १२ हजार बाजूला टाकायचे, म्हणजे १ लाख ४४ हजार. उरलेले ७१ हजार मास्तर देतो म्हणाले, विरोध कायम ठेवून. "देतो, पण मला पटलेलं नाही हे लक्षात ठेव" असं म्हणून दिले म्हणे. तर उशीर झाला का असं विचारत आलेला माणूस माझ्याकडून आणखी एक वर्ष उशीर घेऊन गेला. एक गोष्ट मात्र मी हिशोबात धरायला विसरले होते ती बायकोने आठवण केली, कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड रिन्यू करून ठेवलं त्यांनी.

त्या वर्षात त्याने रविवार सोडले नाहीत. गणेश चवथीच्या दिवसांत तेवढी सुट्टी.

३९ व्या वर्षी बीएडला बसला. मला खरी धास्ती तिथली होती. सोबतची मुलं २२-२३ ची, पहिल्या दिवशी कुणीतरी अंकल म्हणालं, चौथ्या दिवशी दादा झाला ते एक बरं. पण शिकवणाऱ्या मॅडम त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, आणि बीएडमध्ये पाठ टाचण काढायचं ते तपासून लाल पेनाने रंगून परत येतं, पुन्हा लिहायचं, पुन्हा दाखवायचं. ज्याला २७ वर्षांच्या मॅनेजरचं एक वाक्य गिळता आलं नव्हतं त्याला हे रोज. सूक्ष्म अध्यापनाच्या पहिल्या पाठानंतर रात्री त्याचा फोन आला. सहा मिनिटांचा पाठ, प्रश्न विचारण्याचं कौशल्य, समोर मुलांच्या जागी त्याचेच वर्गमित्र. मॅडमनी मोजलं होतं, अकरा प्रश्न विचारले आणि त्यातल्या नऊंची उत्तरं स्वतःच दिली. सगळ्यांसमोर सांगितलं. मी म्हटलं, मग? म्हणाला, "मग काय, नऊच होती. मी मोजून बघितली." आणि पुढे, "लॅबमध्ये तो माझ्याबद्दल बोलला होता. ही पाठाबद्दल बोलली." मी फोन ठेवून चहा केला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलगी त्याच वर्षी मराठी शाळेतून पाचवीला इंग्लिश मीडियम हायस्कुलात गेली, रोज रडायची, आणि बाप संध्याकाळी चार्ट रंगवत बसलेला. दुसऱ्या वर्षी बायकोला डेंग्यू झाला, तेव्हा ९० टक्क्यांच्या हजेरीने जीव काढला. एक-दोनदा दोघांचं चांगलंच वाजलं, ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. पण मुलीच्या त्या पाचवीने त्याला एक दिलं असं तो सांगतो. इंटर्नशिपला पेडण्याकडच्या शाळेत आठवीची मुलं इव्हॅपोरेशनची व्याख्या घडाघडा म्हणायची आणि अर्थ विचारला की गप्प. त्याने कोंकणीत विचारलं, आगरवाड्याच्या मिठागरात पाणी खंय वता रे, म्हणजे कुठे जातं? सगळे हात वर. मग तेच इंग्लिशमधून. तपासायला आलेल्या मॅडमनी शेऱ्यात काय लिहिलं मला माहीत नाही, तो सांगत नाही, लाजतो.

आता तो ४१ चा आहे. एका अनुदानित हायस्कुलात रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी, कायम नाही, जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास. सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या टीईटीचा, दुसरा पेपर पहिल्या खेपेला सुटला, १५० पैकी ९७, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० लागतात, आणि ते सर्टिफिकेट आता जन्मभर चालतं. टीईटी कशाला हवी, पुढे रद्द होईल म्हणणाऱ्यांना सांगते, १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने आधीपासून नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या शिक्षकांनासुद्धा दोन वर्षांत ती पास व्हायला सांगितलंय, तेव्हा नव्या माणसाने सुटकेची वाट बघू नये. सरकारी जागेसाठी त्याच्याकडे तीन-चार वर्षं आहेत, आपल्याकडच्या जाहिरातींत वयाची अट बहुतेक ४५ ची असते, १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो आणि कोंकणी यावी लागते, मराठी आली तर उत्तम असं लिहिलेलं असतं. मिळेलच असं मी त्याला कधी सांगितलं नाही, आजही सांगत नाही. घरचा हिशोब अजून ताणलेलाच आहे, सहा महिन्यांसाठी धरलेले ९० हजार चार महिन्यांत संपले.

मास्तरांचा विरोध अजून आहे. पण रोज रात्री जेवताना विचारतात म्हणे, आज काय घेतलंस, आणि कुठे अडली पोरं.

तर परवा ज्यांनी मेसेज केलाय, बँकेतल्या ताई आणि वेर्ण्याचेच दुसरे एक भाऊ, तुम्हा दोघांना. वयाचं मी वर लिहिलंय. येताना पदवीच्या सगळ्या मार्कशीट आणा, शेवटच्या वर्षाची एकटी नको. मागच्या तीन महिन्यांचा खर्च लिहून आणा, अंदाजे नको. नवरा किंवा बायको यायला तयार असेल तर घेऊन या, नसेल तर का नाही ते तरी विचारून या. आणि या महिन्यात चार रविवार आहेत.